रोड बाईक घेताना ड्राइव्हट्रेन (गिअर, चेन, क्रँक) कशी तपासायची: आरडीवरच्या नावाला भुलू नका

जाहिरातीत 'शिमानो सोरा' लिहिलेलं असतं, दुकानात मागच्या डिरेल्युअरवर (आरडी, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेच नाव ठळक दिसतं आणि सौदा होतो. घरी आल्यावर लक्षात येतं की सोराचा आहे तो फक्त आरडी. हँडलवरचे गिअर बदलणारे शिफ्टर शिमानोच्याच खालच्या क्लॅरिस श्रेणीचे, पायडल जोडलेला क्रँक तिसऱ्याच कंपनीचा, आणि मागे ९ गिअर असतील असं धरलं होतं तिथे ८. दुकानदार खोटं बोललेला नसतो. बाकीच्या भागांबद्दल त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

हा लेख साधारण ४५ हजार ते सव्वा लाखाच्या आसपासची नवी रोड बाईक घेणाऱ्यांसाठी आहे. भागांची सरमिसळ सर्वांत जास्त याच पट्ट्यात होते. तपासणीचा क्रम एका हिशेबाने लावला आहे: दाते मोजून झाले की जो भाग नंतर बदलायला महाग, तो आधी बघायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. चकचकीत चेन आणि कॅसेटकडे (मागच्या चक्र्यांचा संच) बघत बसतात, जी दोन-तीन वर्षांत झिजून बदलावीच लागणार असते, आणि शिफ्टरच्या मागे काय लिहिलंय हे बघतही नाहीत.

तयारी: दुकानात जाण्याआधी

रविवारी संध्याकाळी नागपुरात सीताबर्डी किंवा धरमपेठेतल्या दुकानात गेलात तर कोणी तुमच्यासाठी सायकल स्टँडवर चढवणार नाही. मधल्या वारी सकाळी जा, आदल्या दिवशी फोन करून जा. सोबत टॉर्च आणि बरा कॅमेरा असलेला मोबाईल, कागद-पेन, आणि रोज सायकल चालवताना घालणार ते बूट घ्या.

शिमानोच्या श्रेण्यांची शिडी पाठ करा, कारण नागपुरात या किमतीत समोर येणाऱ्या बहुतेक सायकलींवर तीच असते. खालून वर अशी: टूर्नी (७ स्पीड, म्हणजे मागे ७ चक्र्या), क्लॅरिस (८), सोरा (९), टियाग्रा (१०), १०५ (११ किंवा १२). नंबर लिहून ठेवा. क्लॅरिस म्हणजे आर२०००, सोरा आर३०००, टियाग्रा ४७००. १०५ मध्ये तीन पिढ्या बाजारात दिसतात: २०१८ ची आर७००० (११ स्पीड), २०२२ ची बॅटरीवर चालणारी आर७१५० आणि २०२३ ची केबलवाली आर७१०० (या दोन्ही १२ स्पीड). नुसतं '१०५' ऐकून यातली कुठली ते कळत नाही.

क्यूज हे शिमानोचं नवं घराणं आहे. त्याचे भाग वरच्या शिडीतल्या भागांशी सरसकट जुळत नाहीत, म्हणून क्यूजची सायकल घ्यायची तर ती पूर्ण क्यूजचीच असू द्या. मायक्रोशिफ्ट, एल-टू, सेन्सा यांचे गिअरही दिसतील. ते वाईट असतात असं नाही, पण शिफ्टर बिघडला तर तोच शिफ्टर गावात मिळेल का, हे त्याच दुकानात विचारून घ्या.

१. आधी दाते मोजा

नाव कितीही मोठं असो, पायाला जाणवतात ते दाते. पुढच्या दोन चक्रांवर दात्यांचा आकडा कोरलेला असतो. बहुतेकदा ५०-३४ मिळेल. मागच्या कॅसेटच्या चक्र्यांवरही आकडे असतात. टॉर्च मारा आणि सगळे लिहून काढा. '११-३२' एवढ्यावर थांबू नका, मधले आकडेच महत्त्वाचे आहेत.

कारण नागपूर सपाट आहे. वर्धा रोडला किंवा काटोल रोडला पहाटेच्या ग्रुपबरोबर निघालात की बराचसा वेळ ताशी ३० ते ३८ किलोमीटरच्या वेगात जातो. सगळ्यात सोपा गिअर तिथे कामाला येत नाही, मधल्या दोन-तीन चक्र्यांमधलं अंतर कामाला येतं.

८ स्पीडची ११-३२ कॅसेट घ्या: ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२. पुढे ५०, पायडल मिनिटाला ९० फेऱ्या. १५ वर वेग निघतो सुमारे ३८, आणि १८ वर साडेएकतीस. ग्रुप ३५ ने चालला असेल तर तुम्ही मध्येच लटकता. एका गिअरला पाय घुटमळतात, दुसऱ्याला फुकट फिरतात. ९ स्पीडच्या ११-३२ मध्ये १४-१६-१८ असा क्रम येतो, आणि १६ वर बरोबर ३५ च्या थोडं वर बसता. १० स्पीडमध्येही १४-१६-१८ तसेच राहतात, फरक पडतो तो वर चढाच्या चक्र्यांमध्ये. ११ स्पीडमध्ये १३ ची भर पडते.

म्हणून माझं मत असं: नागपूरच्या रस्त्यांसाठी क्लॅरिसवरून सोरावर जाण्यात जो फरक पडतो, तो सोरावरून टियाग्रावर जाण्यात पडत नाही. पैसे मोजकेच असतील तर इथे खर्च करा.

चढाचं काय? सेमिनरी हिल्स आणि रामटेकच्या गडाचा रस्ता ३४ पुढे आणि २८ मागे असला तरी सवयीच्या माणसाला निघतो. वजन जास्त असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा चिखलदऱ्याचा बेत असेल तर मागे ३२ किंवा ३४ हवाच. ३४ ला ३४ म्हणजे पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी ताशी साडेसात किलोमीटरने सायकल वर चढते आणि तोल राहतो.

सावधान: 'नंतर मागे मोठी कॅसेट टाकून घ्या' असं सांगितलं तर आरडीचा पिंजरा (दोन छोट्या पुली धरणारा खालचा भाग) बघा. आखूड पिंजऱ्याच्या आरडीवर (नंबरापुढे एसएस) ३४ ची चक्री सहसा चालत नाही. मध्यम पिंजरा (जीएस) असेल तर मोकळीक राहते.

२. शिफ्टर: इथे घाई करू नका

संपूर्ण ड्राइव्हट्रेनमधला सगळ्यात महाग बदल म्हणजे शिफ्टर. किती स्पीड, कुठला ब्रेक, पुढे काय बदलता येईल, हे तिन्ही तोच ठरवतो.

हूडचं (शिफ्टरचा हात टेकायचा वरचा भाग) रबर हळूच उचला किंवा लिव्हरच्या मागे टॉर्च मारा. 'एसटी' ने सुरू होणारा नंबर सापडेल, त्याचा फोटो काढा. एसटी-आर२००० असेल तर सायकल क्लॅरिसची, आरडीवर काहीही लिहिलेलं असो. सोराचा आरडी क्लॅरिसच्या शिफ्टरबरोबर व्यवस्थित चालतो, कारण दोघांची केबल ओढण्याची मापं एकच आहेत. म्हणून तर अशी जोडी लावली जाते. चालते म्हणून ती सोरा होत नाही. गिअर ८ च राहतात.

टूर्नीचे शिफ्टर न वाचताही ओळखू येतात. जड गिअर टाकायचं बटण हूडच्या आतल्या बाजूला, अंगठ्याजवळ असतं. हँडलच्या खालच्या वळणात हात असताना तिथे अंगठा पोचत नाही. क्लॅरिसपासून वर ब्रेकचीच लिव्हर आत ढकलली की सोपा गिअर पडतो आणि तिच्या मागच्या छोट्या पट्टीने जड. वाऱ्याविरुद्ध खाली वाकून चालवणाऱ्याला हा फरक रोजचा आहे. या किमतीत टूर्नी असेल तर मी ती सायकल सोडून देईन.

आता ब्रेक. 'सोरा, हायड्रॉलिक डिस्क' अशी जाहिरात दिसली की थांबा. सोरा आणि क्लॅरिसमध्ये हायड्रॉलिक शिफ्टर नाहीत. मग एक तर केबलने चालणारी डिस्क असेल, किंवा केबल कॅलिपरपर्यंत (चाकाजवळ ब्रेक दाबणारा भाग) येते आणि तेल फक्त कॅलिपरच्या आत असतं. दुसरा प्रकार चांगला ब्रेक लावतो, तक्रार नाही, पण त्याला पूर्ण हायड्रॉलिकचे पैसे द्यायचे नाहीत. पूर्ण हायड्रॉलिक नंतर हवं झालं तर दोन्ही शिफ्टर बदलावे लागतील आणि ते बिल बघून घाम फुटेल.

तपासा: सायकल जागेवर उभी असताना मागचं चाक कोणाला तरी उचलायला सांगा, पायडल हाताने फिरवत दोन्ही शिफ्टरचं प्रत्येक क्लिक चालवा. क्लिक स्पष्ट जाणवलं पाहिजे. हात लहान असेल तर लिव्हरपर्यंत बोट पोचतं का तेही बघा. बहुतेक शिफ्टरवर लिव्हर जवळ आणायचा स्क्रू असतो, दुकानदाराकडून लगेच फिरवून घ्या.

३. मागचं चाक: फ्रीव्हील की कॅसेट

फ्रीव्हीलमध्ये मोकळं फिरायची यंत्रणा चक्र्यांच्या संचातच असते, कॅसेटमध्ये ती चाकाच्या हबमध्ये (फ्रीहब) असते. दोन्ही लांबून सारखीच दिसतात. मागच्या चक्र्यांच्या मधोमध, पाना बसायची खाच असते तिथे बघा आणि चक्र्या उलट फिरवा. खाचेची रिंगही सोबत फिरली तर कॅसेट. खाच स्थिर राहिली आणि चक्र्या तेवढ्या फिरल्या तर फ्रीव्हील.

फ्रीव्हीलमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत येतं, ॲक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) टोकाकडचा भाग आधाराशिवाय राहतो. वजनदार माणूस आणि खड्डे एकत्र आले की ॲक्सल वाकतो. रिंग रोडवर चालवणाऱ्याला आणखी सांगायला नको. या किमतीच्या पट्ट्यात फ्रीव्हील स्वीकारू नका.

कॅसेट असेल तर पुढचा प्रश्न: फ्रीहब किती स्पीडपर्यंत चालतो? शिमानोच्या ८, ९ आणि १० स्पीडच्या रोड कॅसेट एकाच रुंदीच्या फ्रीहबवर बसतात. ११ स्पीडचा रोड फ्रीहब त्याहून १.८५ मिमी जास्त रुंद असतो. '११ स्पीड चालेल' असं उत्तर आलं तर चाकाची चिंता मिटली.

'आत्ता क्लॅरिस घेतो, पुढच्या दिवाळीला १०५ टाकीन' हा बेत करणारे पुष्कळ भेटतात. त्यात शिफ्टर, आरडी, एफडी (पुढचा डिरेल्युअर), कॅसेट, चेन आणि केबल येतात, बहुतेकदा क्रँकही, आणि फ्रीहब अरुंद निघाला तर चाकसुद्धा. या यादीचा भाव एकदा विचाराच. तेवढा फरक आत्ताच भरून वरची सायकल घेणं जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं. जमत नसेल तर क्लॅरिसच घ्या, नीट चालवा, आणि अपग्रेडचा नाद सोडा.

४. क्रँक आणि बॉटम ब्रॅकेट

कंपन्या सगळ्यात जास्त पैसे इथे वाचवतात, कारण क्रँककडे कोणी बघत नाही. क्रँकच्या आतल्या अंगाला, पायडलजवळ, 'एफसी' ने सुरू होणारा नंबर आणि लांबी असते. १०५ च्या सायकलवर एफसी-आरएस५१० दिसेल. हा शिमानोचाच, ११ स्पीडचा, थोडा जड क्रँक आहे. मजबूत आहे, बिनधास्त घ्या, फक्त 'पूर्ण १०५' चा भाव देऊ नका. प्रोव्हील किंवा एफएसएचा क्रँक असेल तर दोन गोष्टी बघा.

पहिली, पुढची चक्रं बोल्टने बसवली आहेत की रिव्हेट मारून. रिव्हेट असतील तर चक्र झिजल्यावर पूर्ण क्रँक बदलावा लागतो.

दुसरी, ॲक्सल. क्रँकच्या मधोमध एकच जाड बोल्ट आणि आत चौकोनी ॲक्सल असेल तर तो जुना स्क्वेअर टेपर प्रकार. जड असतो, पण त्याच्या बेअरिंगचं बंद काडतूस स्वस्त मिळतं आणि कुठलाही मेकॅनिक बदलून देतो. डाव्या क्रँकवर शेजारी-शेजारी दोन बोल्ट आणि मधोमध प्लॅस्टिकची टोपी असेल तर २४ मिमीचा पोकळ ॲक्सल, म्हणजे हॉलोटेक २ किंवा त्यासारखा. उभं राहून जोर लावला की हा कमी लवतो.

बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ती बेअरिंग) चुडीचा आहे की दाबून बसवलेला, हे विचाराच. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ आणि पाठोपाठ पावसाचं पाणी, या दोन्हींनंतर दाबून बसवलेले बीबी कुरकुरायला लागतात आणि ते काढायला वेगळी हत्यारं लागतात. दोन सायकली बाकी सारख्या असतील तर चुडीवाली घ्या.

तपासा: दोन्ही क्रँकची टोकं धरून डावी-उजवीकडे हलवा. 'टक्' असं काही जाणवलं तर सायकल नवी असली तरी बीबी किंवा क्रँकचे बोल्ट ढिले आहेत. घट्ट करून घ्या आणि पुन्हा तपासा.

५. आरडी आणि त्यामागचा हँगर

आरडीचं नाव शेवटी वाचा. शिफ्टरशी जुळत असेल, तर तो शिडीत एक पायरी वर-खाली असला तरी चालवताना फार कळत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे हँगर, म्हणजे फ्रेमला आरडी अडकवणारा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तुमच्या मापाची सायकल नागपुरात नसली की ती पुण्या-मुंबईहून ट्रान्सपोर्टने येते आणि खोक्याला उजव्या बाजूने दणका बसला की हँगर वाकतो. मग कितीही ट्यूनिंग करा, दोन-तीन गिअर खडखडत राहतात आणि दोष बिचाऱ्या आरडीला लागतो.

चाक ॲक्सलमध्ये नीट बसलंय याची आधी खात्री करा. मग चेन मधल्या चक्रीवर आणून सायकलच्या मागे बसा आणि एक डोळा मिटून बघा. चक्री आणि आरडीच्या दोन्ही छोट्या पुली एका उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. खालची पुली आत झुकलेली दिसली की हँगर वाकलेला आहे. तो मापाच्या हत्याराने सरळ करून मिळतो. ते झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

६. स्टँडवरची परीक्षा

सायकल स्टँडवर चढवायला सांगा आणि लिव्हर स्वतः चालवा.

चेन पुढच्या छोट्या चक्रावर ठेवा. मागे सर्वांत लहान चक्रीपासून मोठ्यापर्यंत एकेक क्लिक. प्रत्येक क्लिकला चेन लगेच एकच चक्री चढली पाहिजे. आता तसंच परत खाली. चढताना ठीक आणि उतरताना आळस, असं झालं तर केबल आवरणात अडकते आहे. कंपन्या केबल आणि आवरण स्वस्तातलं टाकतात. ते बदलून मागा, खर्च फार नाही.

सर्वांत मोठ्या चक्रीवर असताना लिव्हर आणखी जोराने दाबा. चेन आऱ्यांकडे सरकता कामा नये. सरकली तर लिमिट स्क्रू (आरडी किती सरकेल ते ठरवणारा) नीट बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर नेऊ नका. चेन आऱ्यांत गेली की आरडी, हँगर आणि आरे एका झटक्यात जातात.

पुढे मोठं चक्र टाका, मग छोटं. पाच-सहा वेळा. चेन बाहेर किंवा आत पडू नये. एफडीला चेन घासत असेल तर डाव्या शिफ्टरचं अर्धं क्लिक देऊन बघा, बहुतेक शिफ्टरमध्ये ती सोय असते. पुढे छोटं आणि मागे सर्वांत छोटं अशा तिरक्या जोडीत थोडी घासली तर तो दोष नाही. ती जोडी वापरायचीच नसते. यावरून दुकानात हुज्जत घालणारे खूप, पण तिथे मेकॅनिकचं बरोबर असतं.

७. जोर लावून चालवा

स्टँडवर गोड चालणारी सायकल पायाखाली वेगळी वागू शकते. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ मिळाला तर उत्तम. नाहीतर दुकानाजवळचा रिकामा रस्ता, वाहतूक वाढायच्या आत.

बसून, मधल्या गिअरमध्ये, पाच-सहा जोरदार पायडल. चेनने उडी मारली तर थांबा आणि कारण शोधायला लावा. कुरकुर येत असेल तर ताल ऐका. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर पायडल, क्रँक किंवा बीबी. आधी पायडल घट्ट करून बघा, अर्ध्या वेळा तेवढ्यावर भागतं. पायडल थांबवल्यावरही चाकाबरोबर आवाज येत राहिला तर हब. बसल्यावर येतो आणि उभं राहिल्यावर जातो, तर सीट. ड्राइव्हट्रेनचा संबंध नाही.

सावधान: चढावर पूर्ण जोर असताना पुढचं चक्र बदलून 'गिअर पडत नाही' म्हणू नका. १०५ सुद्धा तिथे अडखळतो. चढ लागायच्या आधी, पाय हलका करून बदला.

८. कोटेशन आणि बिल

'भाऊ, पूर्ण सोरा आहे जी, डोळे मिटून घ्या' असं सांगितलं की हसून कागद पुढे करा. शिफ्टर, आरडी, एफडी, क्रँक, बीबी, कॅसेट, चेन, या सातही भागांपुढे मॉडेल नंबर लिहून घ्या. शोरूममधली सायकल पाहून दुसऱ्या मापाची ऑर्डर देत असाल तर हे फार गरजेचं, कारण त्याच नावाच्या पुढच्या लॉटमध्ये क्रँक किंवा चेन बदललेली असू शकते. 'किंवा समकक्ष' हे शब्द खोडायला लावा. सायकल आल्यावर फोटोंशी ताडून बघा आणि मगच उरलेले पैसे द्या.

किमतीत घासाघीस होत नसेल तर एक जादा हँगर मागा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि दोन वर्षांनी तोच आकार शोधणं महाकठीण. सीटखालच्या पाऊचमध्ये टाकून ठेवा.

वापरलेली सायकल घेत असाल तर वरचं सगळं करा आणि चेन मोजा. स्टीलची पट्टी पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनचे १२ पूर्ण जोड, म्हणजे २४ कड्या, ३०४.८ मिमी भरतात. ३०६.३ च्या पुढे गेल्या तर अर्धा टक्का ताण आलाय. ११ आणि १२ स्पीडला चेन बदलायची वेळ झाली. ८ ते १० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत, सुमारे ३०७ मिमीपर्यंत चालतं. त्यापलीकडे गेली असेल आणि चक्र्यांचे दाते एका बाजूला टोकदार झाले असतील तर चेनसोबत कॅसेटचेही पैसे किमतीतून वजा करा.

नवी घेतलीत तर पहिल्या काही आठवड्यांत केबल बसते आणि गिअर थोडे चुकायला लागतात. मोफत सर्व्हिसची तारीख तेव्हाचीच घ्या, सहा महिन्यांनंतरची नको. त्या दिवशी तीन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या: केबलचा ताण, हॉलोटेकच्या डाव्या क्रँकचे दोन बोल्ट (१२ ते १४ न्यूटन-मीटर) आणि कॅसेटची लॉकरिंग, म्हणजे ती घट्ट धरणारी रिंग (सुमारे ४०). मेकॅनिककडे टॉर्क पाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्या दुकानात थोडे पैसे देऊन हे काम करा.